पर्यावरण मंजुरी लागते की नाही? या चुका टाळा

'प्रकल्प सरकारी आहे, म्हणजे मंजुरीची गरज नाही' आणि 'प्रकल्प एवढा मोठा आहे, म्हणजे जनसुनावणी होणारच' ही दोन्ही विधाने ठाणे-नवी मुंबईत सर्रास ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पर्यावरण मंजुरीचे नियम ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत प्रकल्प कोण राबवतो याला महत्त्व नाही. तो तिच्या अनुसूचीत, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत मोडतो का, एवढेच पाहिले जाते. विमानतळ, नवा राष्ट्रीय महामार्ग आणि 20,000 चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राचे इमारत बांधकाम अनुसूचीत आहे. रेल्वे आणि मेट्रोचे मार्ग मात्र त्यात नाहीत.

यावरून 'मेट्रोला काहीच लागत नाही' असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत घातक चूक, कारण आपल्याकडे खरा प्रश्न बहुधा जमिनीचा असतो. मार्ग खाडीकिनारी आला की सागरी किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी वेगळी लागते. तिवरे तोडायची असतील, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीवविषयक मंजुरीचा टप्पा येतो. म्हणून प्रकल्पाच्या नावाआधी त्याचा नकाशा पाहावा.

प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन आवश्यक असले तरी जनसुनावणी होईलच असे नाही. जादा जमीन न घेता होणाऱ्या रस्ता रुंदीकरणाला 2006 च्या अधिसूचनेतच सुनावणीतून सूट दिली आहे.

सुनावणी होते तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान 30 दिवस आधी वृत्तपत्रांतून सूचना देते. बहुतेक जण मराठीतला कार्यकारी सारांश वाचून थांबतात, परंतु भरतीचे पाणी कुठे अडेल, भरावाची माती कुठून येईल, पाहणी कोणत्या ऋतूत झाली, हे मूल्यांकनाच्या सविस्तर अहवालातच सापडते आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महापालिकेत पाहता येतो. आक्षेप पृष्ठक्रमांकासह लेखी द्यावेत. शेवटी कामकाजाचा गोषवारा वाचून दाखवला जातो. आपला मुद्दा त्यात आला की नाही हे ऐकूनच सभागृह सोडावे.

मंजुरी मिळाल्यावर हात टेकणेही चूकच. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्यानंतर मात्र नाही.