घड गेल्यावर केळीचं काय करायचं

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. पण आमच्या रावेर-यावलकडे घड ट्रकात चढला की बाकीच्या झाडाकडे कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सासूबाईंनी शिकवलं ते सांगते.

आधी पान. घड पोसत असलेल्या झाडाचं पान तोडू नका, फळ पानांच्या जोरावरच भरतं. कापणी झालेल्या झाडाचं किंवा काढून टाकायच्या पिलाचं, म्हणजे बुडाशी फुटलेल्या कोंबाचं, घ्या. कडेची पानं वाऱ्याने चिरलेली असतात, म्हणून बागेत आत शिरा. कपडे जुनेच घाला, चिकाचा डाग जन्मात निघत नाही. भरीत-पुरीच्या पंगतीला पान धुऊन, पुसून मांडायचं. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पुऱ्या बांधून न्यायच्या असतील तर मागून शिरेचा जाड भाग तासा आणि पान आचेवरून झरझर फिरवा. रंग गडद होऊन चकाकी आली की ते मऊ पडतं, घडी घातली तरी फाटत नाही.

केळफूल सगळ्या फण्या सुटल्यावर कापतातच, ते बांधावर टाकू नका. हाताला तेल चोळून एकेक जांभळं पान उचला. खालच्या प्रत्येक फुलात टोकाला गुंडी असलेली ताठ काडी असते आणि बुडाशी काचेसारखा पापुद्रा. दोन्ही शिजत नाहीत, एकही राहू देऊ नका. काम वेळखाऊ आहे, ओट्यावर दोघींनी बसून करावं. आतला पांढरा कोवळा भाग तसाच चिरायचा. सगळं ताकाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून मिठाच्या पाण्यात शिजवा. मग लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वरून दाण्याचा कूट. काही जणी गूळ घालतात. मी घालत नाही. थोडा तुरटपणा राहिला तरच ती केळफुलाची भाजी.

खोड सोलत गेलं की पांढरा गाभा लागतो. चकत्या करताना निघणारे धागे बोटाला गुंडाळून काढा, बारीक चिरून दह्यात कोशिंबीर करा. पिलबाग धरणार असाल, म्हणजे त्याच पिलापासून पुढचं पीक घेणार असाल, तर मात्र खोड लगेच बुडापासून तोडू नका, त्यातलं पाणी आणि अन्न पिलाला मिळतं.

वाळलेलं सोपट, म्हणजे खोडाची सुकलेली साल, हारांना आणि मेथीच्या जुड्या बांधायला उत्तम. बांधायच्या आधी पाण्यात भिजवा, कोरडं वळलं तर तुटतं.