दांडी नसलेली सायकल

सायकलवरून मी सगळ्यात वाईट पडले तेव्हा सायकल जागच्या जागी उभी होती. वय ६४, जागा आमच्याच फाटकासमोरची. शेजारच्या काकूंशी बोलायला थांबले, डावा पाय टेकवला, पण सीटवरून खाली उतरले नाही. बोलता बोलता सायकल उजवीकडे कलली आणि उजवा पाय राहिला पायडलवरच. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. काकू अजून सांगतात, "बाई बोलत होत्या आणि एकदम दिसेनाशाच झाल्या."

आता मी ६८ची. सांगलीत शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, राहायला विश्रामबागेत. आठवड्यातून पाच दिवस सकाळी हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन येते. "या वयात जमतं कसं?" असं लोक विचारतात तेव्हा त्यांना दमाबद्दल विचारायचं असतं. दम पुष्कळ दिवस पुरतो. आधी जाते ती टांग.

टांग म्हणजे सीटवरून पाय पलीकडे टाकणं. साठीनंतर कंबर आखडते, एका पायावरचा तोल कमी होतो, आणि नेमकं एका पायावर उभं राहूनच टांग मारायची असते. त्यातून डावा पाय पायडलवर ठेवून दोन-तीन ढकल्या द्यायच्या आणि चालत्या सायकलवर बसायचं, ही आपली जुनी सवय. ती सोडा. दांडी नसलेली सायकल घ्या, दुकानदार जिला लेडीज सायकल म्हणतो ती. दोन्ही ब्रेक दाबून धरा, खालच्या नळीवरून पाय पलीकडे घ्या आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून सायकल मधोमध धरून उभ्या राहा. उजवं पायडल थोडं वर, पुढच्या बाजूला आणा. ब्रेक सोडत त्यावर जोर दिला की सायकल पुढे निघते आणि तुम्ही आपोआप सीटवर येता. थांबताना याच्या उलट: वेग कमी, डावं पायडल खाली, त्यावर वजन देऊन आधी सीटवरून पुढे उतरायचं, मग उजवा पाय जमिनीवर. सीटवर बसून एक पाय टेकवून गप्पा मारायच्या नाहीत. त्याचं काय होतं ते वर सांगितलं आहे. हे सगळं गल्लीत वीसदा करून बघा, मग रस्त्यावर जा. दांडीचीच सायकल वापरायची असेल तर चढताना ती आपल्याकडे बरीच कलती करा, म्हणजे पाय कमी उचलावा लागतो.

माझा मिरजेचा दादा, वय ७२, त्याच्याकडे चोवीस इंची काळी सायकल. तिला रोज फडकं मारायचा, पण टांग मारताना दरवाज्याच्या कडीला धरायचा. मी म्हटलं, "दादा, लेडीज घे." तर म्हणाला, "अगं, लोक हसतील." पुरुषमंडळींचं सायकल चालवणं निम्म्या वेळा इथेच संपतं. गुडघ्याचं नाव पुढे करतात, खरं कारण ही दांडी.

गुडघ्यावरून आठवलं. वय झालं की सायकलवाला न विचारताच सीट खाली करून देतो, "आजी, पाय टेकायला बरं." मलाही करून दिली होती आणि महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यावरच सगळा जोर येतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक उरतो, तेवढा हवा. या उंचीवर बसल्या बसल्या पाय नीट टेकत नाहीत, म्हणून तर थांबताना आधी सीटवरून पुढे उतरायला शिकायचं. एक जमलं की दुसऱ्याची भीती जाते. सीटचं टोक सपाट ठेवा, वर नको. बसल्यावर मुंग्या येत असतील तर सीट बदला, सवय होण्याची वाट बघू नका. करंगळी बधिर होत असेल तर हँडलवर भार जास्त पडतोय. हँडल थोडं वर घ्या आणि कोपर सैल ठेवा.

गिअरची सायकल असेल तर हलका गिअर लावून भराभर पाय फिरवा, जड गिअरवर रेटत बसू नका. माझी बिनगिअरची आहे. तिच्या फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राला, १८ दात होते, मी २२ दातांचं बसवून घेतलं. गणित साधं आहे: पायडलवरचा जोर जवळपास पाचव्या हिश्शाने कमी, त्या बदल्यात वेगही तेवढाच कमी. मला कुठे शाळेची घंटा गाठायची आहे? चेन आखूड पडली तर एखादी कडी वाढवावी लागते, तेवढं कारागिराला आधी सांगा.

किती जोरात चालवायची, यासाठी मनगटावरचं घड्याळ लागत नाही. मी एकोणतीसचा पाढा म्हणते. सलग म्हणता आला तर वेग बरोबर. "एकोणतीस सत्ते" म्हणून श्वास घ्यावा लागला तर हळू व्हायचं. आणि आकडाच चुकला तर थांबून पाणी प्यायचं. पण रोज नुसतं रमतगमत चालवूनही भागत नाही. फ्रान्समधल्या रोबेर मार्शां यांनी २०१७ साली, वयाच्या १०५व्या वर्षी, तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. त्याआधी शंभरी उलटल्यावर दोन वर्षं ते शिस्तीत सराव करत होते: ८० टक्के हलकं, २० टक्के जोरात. त्या दोन वर्षांत शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १३ टक्क्यांनी वाढलेली मोजली गेली. मी त्याचं देशी रूप केलंय. आठवड्यातून एक दिवस विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जोरात, मग चार खांब सावकाश, असं सहा वेळा. बाकी दिवस पाढे. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर खांबांचा खेळ डॉक्टरांना विचारूनच करा. छातीत दाटलं, दुखलं, तर तिथेच उतरायचं. मधुमेह असेल तर खडीसाखर खिशात असू द्या.

एक गोष्ट सायकल देत नाही. तिच्यावर बसून हाडं घट्ट होत नाहीत, कारण शरीराचं वजन सीट उचलते. पाळी गेलेल्या बायकांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. माझं मनगट मोडलं त्यानंतर हाडांची तपासणी केली, ती आधीच करायला हवी होती. आता दोन दिवस सायकल बंद. त्या दिवशी जिने चढते, हात न टेकता खुर्चीतून दहा-दहा वेळा उठते, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली करते.

रस्त्याचं म्हणाल तर माझी भीती एकच, उसाची. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागची डुलत येते आणि उसाची टोकं बाजूला बाहेर आलेली असतात. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून लगेच रस्त्यात येऊ नका, दुसरी ट्रॉली जाऊ द्या. पडलेल्या उसाच्या कांडक्या चाकाखाली लाटण्यासारख्या फिरतात आणि चाक घसरतं. मान पूर्वीसारखी मागे वळत नाही, तेव्हा हँडलच्या उजव्या बाजूला आरसा लावा. मला हेल्मेटइतकाच तो महत्त्वाचा वाटतो, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हेल्मेटला सूटच नाही. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून समोरचा खड्डा पुसट दिसतो, म्हणून सायकलसाठी नुसता लांबचा चष्मा वेगळा ठेवते. पदर खोचायचा की सलवार घालायची ते ज्याचं त्याने ठरवावं, चेनकव्हर मात्र पूर्ण झाकणारं हवं. धो धो पावसात मी जात नाही, ओल्या रिमवर ब्रेक लागायला वेळ घेतो.

चढाचं गाव असेल तर बॅटरीची सायकल घ्या, त्यात कमीपणा नाही. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही. फक्त विकत घेण्याआधी ती पायरीवर उचलून बघा. चांगलीच जड असते.

दादाने शेवटी दांडी नसलेली घेतली. निळी, पुढे टोपली. कोणी विचारलं की सांगतो, "नातीची आहे, हवा भरून आणतोय." नात बंगळूरला नोकरीला जाऊन तीन वर्षं झाली.