डेव्हलपरला बोलावण्याआधी: सांगलीतल्या छोट्या घरांचा पुनर्विकास हरित कसा आखावा

जुन्या, लहान घरांच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: "किती स्क्वेअर फूट वाढवून मिळणार?" प्रश्न रास्त आहे. मी आर्किटेक्ट आहे आणि सांगली-मिरजेत बहुतेक अशाच सोसायट्यांची कामे करते. सभासद म्हणजे पतपेढीतले कारकून, एसटीतून निवृत्त झालेले चालक, मार्केट यार्डातले हमाल, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका. तीनशे-चारशे फुटांत संसार केलेल्या माणसाला एक खोली वाढून हवीच असते. पण त्याच बैठकीत दुसरा प्रश्नही इतिवृत्तात लिहून घ्या, असा माझा आग्रह असतो: नव्या घरात गेल्यावर महिन्याला किती खर्च येईल? लिफ्ट आली, पंप मोठा झाला, जिन्यात-पार्किंगमध्ये दिवे वाढले, वरच्या मजल्यावर कूलर लागला, की मेंटेनन्स कित्येक पटींनी चढतो. मग ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच लोक दोन-तीन वर्षांत घर विकून गावाबाहेर भाड्याने जातात. हे मला बघवत नाही. म्हणून हरित आखणीकडे मी याच नजरेने बघते: बांधलेल्या घरात राहणे त्या माणसाला परवडले पाहिजे आणि ऑगस्टमध्ये पाणी आले तरी घर सावरले पाहिजे.

हे सगळे टेंडर निघण्याआधी ठरते. डेव्हलपरचा नकाशा हातात आल्यावर झाडे आणि सोलर मागायला जाल तर फार तर शोभेच्या चार कुंड्या मिळतील. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे. त्यानुसार सोसायटीचा आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) आधी व्यवहार्यता अहवाल करतो आणि त्यावर सभासदांच्या सूचना घेतल्या जातात. तुमच्या मागण्या शिरायची जागा तीच. तोंडी बोलू नका, लेखी द्या.

त्या अहवालाआधी कमिटीने काही कागद गोळा करावेत. गेल्या वर्षभराची सामाईक मीटरची वीजबिले, टँकरच्या पावत्या, पंपदुरुस्तीचा खर्च, स्ट्रक्चरल ऑडिट. प्लॉटचा कंटूर सर्व्हे, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल आहे त्याचा नकाशा. आणि माती परीक्षण. वालचंदसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. शामरावनगरकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथला पाया आणि विश्रामबागेतल्या उंचवट्यावरचा पाया एकाच हिशेबात बसत नाही.

आधी पूररेषा

सांगलीत हरित इमारतीची सुरुवात मी पुरापासून करते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते, आणि 2005 व 2021 चे पूरही आपण विसरलेलो नाही. पुरात भिजून दर काही वर्षांनी नवी वायरिंग, नवे दरवाजे, नवा गिलावा मागणारी इमारत कोणत्याही प्रमाणपत्राने हरित होत नाही.

निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. नदीकाठ ते निळी रेषा हा भाग नव्या बांधकामाला निषिद्ध आहे. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकासही त्याच उंचीच्या अटीवर होऊ शकतो, मात्र जलसंपदा विभागाची ना हरकत लागते. आपला प्लॉट कुठे पडतो ते लेखी घ्या आणि लाल रेषेची पातळी नकाशावर आकड्यात लिहायला लावा. "पुरापेक्षा उंच" असे मोघम शब्द स्वीकारू नका.

पुढचे तपशील छोटे आहेत, पण पुरात घर वाचवतात तेच. खाली फक्त पार्किंग, राहती घरे वर. वीजमीटर आणि पंपाचे पॅनेल सवयीने जिन्याखाली बसवतात. ते पहिल्या मजल्याच्या पातळीला घ्या आणि महावितरणशी त्याबद्दल नकाशाच्या वेळीच बोला. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण आणि हवेची नळी पूरपातळीच्या वर काढा, नाहीतर पूर ओसरल्यावर अख्ख्या इमारतीला प्यायला पाणी नसते. सांडपाण्याच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. नदीचे पाणी दारात येण्याआधी मैलापाणी संडासातून वर येते, हे गावभागात आणि सांगलीवाडीत राहणाऱ्यांना मी सांगायला नको. लाल रेषेच्या खाली येणाऱ्या भिंतींना एएसी ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक, नकोत, ते पाणी पितात. तिथे पक्की वीट किंवा भरीव काँक्रीट ब्लॉक. वरच्या मजल्यांना एएसी जरूर वापरा. विटेच्या साधारण एक तृतीयांश वजन, त्यामुळे ढाच्यावरचा भार कमी, आणि उष्णताही कमी आत येते.

ऊन आणि वारा

नकाशा आला की आधी त्यावर उत्तर दिशा शोधा आणि पश्चिमेच्या भिंतीवर लाल पेन्सिल फिरवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, पण घर तापवते ते तीन ते सहाचे तिरपे ऊन. त्यावर आडवा छज्जा काही करू शकत नाही. म्हणून जिना, लिफ्ट, न्हाणीघर, धुण्याची जागा पश्चिमेला टाका. दक्षिणेच्या खिडकीला मात्र दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण तिथे सूर्य उंचावरून जातो. पेच असा की आपला वाराही पश्चिमेकडूनच येतो. ती बाजू पूर्ण बंद केली तर ऊन थांबेल आणि वाराही. जिन्याला जाळी ठेवा, पश्चिमेच्या खिडक्यांना उभे पडदीसारखे फिन द्या, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन अडते.

आता ज्यावर मी प्रत्येक डेव्हलपरशी भांडते ती गोष्ट. मधोमध अंधारी पॅसेज आणि दोन्ही हातांना घरे, ही मांडणी स्वस्त पडते, पण तीस चौरस मीटरच्या घराला मग एकाच बाजूने खिडकी मिळते. हवा आत येते, बाहेर जायला वाट नसते. जुन्या चाळीत एका बाजूला गॅलरी आणि दुसऱ्या बाजूला खिडकी होती. तीच मांडणी मागा: एका बाजूला उघडी गॅलरी, एका ओळीत घरे. पॅसेजमध्ये दिवसा दिवा लागत नाही, स्वयंपाकाची वाफ बाहेर पडते, आणि शेजारची आजी दारात बसून पोरांवर लक्षही ठेवते. जागा थोडी जास्त लागते, हे मान्य करूनच मी सांगते.

खिडकीचे माप विचारताना ती उघडते किती ते विचारा. दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. फरशीच्या क्षेत्रफळाच्या निदान सहाव्या भागाइतकी जागा प्रत्यक्ष उघडणारी असावी, असा माझा हट्ट असतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगनंतर पांढरे चायना मोझॅक करून घ्या. टाइल्सचे पांढरे तुकडे बसवण्याची ही जुनी पद्धत आहे, दुरुस्तीही गवंडी करू शकतो, आणि खालचे घर राहण्याजोगे होते.

प्लॉटवर जुना कडुनिंब किंवा उंबर असेल तर त्याचे खोड आणि घेर सर्व्हेवर दाखवा आणि पाया त्याच्यापासून लांब आखा. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते म्हणून मी हे सांगत नाही. पश्चिमेला उभे असलेले चाळीस वर्षांचे झाड कोणत्याही बजेटमध्ये विकत मिळत नाही.

पाणी, वीज, पाडकाम

500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला पावसाचे पाणी साठवणे-मुरवणे सक्तीचे आहे. सरसकट शोषखड्डा खोदून परवानगी मिळते, पण काळ्या मातीत आणि नदीकाठच्या उथळ भूजलात पाणी मुरतच नाही. तिथे साठवणूक करा. 300 चौरस मीटरची गच्ची, पाऊस 500 मिलिमीटर धरला आणि पाचवा भाग वाया गेला तरी वर्षाला 1,20,000 लिटर. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारी नळी, वाळूचा फिल्टर, आणि टाकीतले पाणी फ्लशला व झाडांना. फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन आत्ता टाकली तर स्वस्त. नंतर फरशी फोडावी लागते. सक्ती नसेल तर छोट्या इमारतीत सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र घेऊ नका. चालवायला माणूस लागतो, वीज लागते, आणि ते वर्षभरात बंद पडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

सामाईक विजेसाठी सोलर घ्याच. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. 10 किलोवॅटला साधारण हजार चौरस फूट सावली नसलेली गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चाळीसेक युनिट मिळतात. लिफ्ट आणि पंपाचा बराच भार त्यात निघतो. पण पॅनेलचा सांगाडा आठ फूट उंच मागा. खाली कुरडया-पापड वाळत घालायला जागा राहिली नाही, तर बायका त्या सोलरच्या बाजूने उभ्या राहणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर असेल.

पाडकामाआधी यादी करा: सागवानी चौकटी, लोखंडी ग्रिल, शहाबादी फरशा, मंगलोरी कौले. शाबूत विटा-दगड नव्या इमारतीच्या कुंपणाला आणि भरावाला येतात. डबर ओढ्यात टाकणार नाही, हे कंत्राटात लिहा. शहरातले ओढे बुजल्यावर पाणी आपल्याच गल्लीत येते.

हरित मानांकन मिळाले तर नियमावलीत मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येते ते माप) 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय आहे, श्रेणीनुसार. छोट्या प्रकल्पाने प्रमाणपत्राचा खर्च आणि मिळणारी जागा यांचा हिशेब करूनच त्यामागे जावे. मिळाल्यास ती जागा कोणाच्या वाट्याला, हे करारात आधी ठरवा.

आणि करारातच ताब्याची अट घाला: पाइप-व्हॉल्व्हचे प्रत्यक्ष नकाशे, पॅनेल व पंपाची वॉरंटी, पहिल्या पावसाळ्यानंतर टाकी आणि गच्चीची तपासणी, आणि तोवर रकमेचा एक भाग राखून ठेवणे. वर्षभर पंप आणि सोलरची देखभाल डेव्हलपरकडे ठेवा. त्या वर्षात कमिटीतल्या दोघांनी, त्यात एक तरी तरुण मुलगी किंवा मुलगा असावा, सोलर पॅनेल धुणे, फिल्टर साफ करणे आणि पुराच्या इशाऱ्यावर लिफ्ट वर नेऊन मेन स्विच बंद करणे हे कारागिराकडून शिकून घ्यावे.