शेअर केलं, पण पोचलं का? मदत करताना या चुका टाळा

२०२१ च्या जुलैत गोव्यात म्हादई नदीला पूर आला आणि सत्तरी, डिचोली, फोंड्यातली नदीकाठची कितीतरी मातीची घरं बसली. चार दिवसांनी आम्ही पणजीहून टेम्पो घेऊन सत्तरीतल्या एका गावात पोचलो. देवळाच्या मंडपात कपड्यांचा ढीग आधीच पडला होता. चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाचा बूट, सगळ्याला ओलसर कुबट वास. आमच्या टेम्पोतही कपडेच होते. चिखलाने माखलेली एक काकी म्हणाली, "कपडे नाकात रे पुता, सुकीं लाकडां जाय." म्हणजे कपडे नकोत, सुकी लाकडं हवीत. तिची चूल चार दिवस पेटली नव्हती. आवाहनाचं पोस्टर आम्ही दिसेल त्या ग्रुपवर टाकलं होतं, पण गावात कुणाला एक फोन केला नव्हता.

न विचारता सामान नेणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आजही दर पुरात होते. निघण्याआधी पंच, अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतल्या बाईंना फोन लावा. काय हवं, किती हवं, उतरवून कोण घेणार, एवढं विचारा. पाणी ओसरलं की खराटे, फावडी, फिनेल, ताडपत्री, टोप, पिण्याचं पाणी लागतं. कपडेच द्यायचे तर कोरे टॉवेल, नवी अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड द्या. बाकी कपाट रिकामं करायला पूरग्रस्तांचं अंगण वापरू नका.

तारीख नसलेला रक्ताचा मेसेज

"गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) ओ निगेटिव्ह तातडीने हवं." हा मेसेज कधीचा? रुग्ण घरी गेल्यावरही नातेवाइकांचा फोन वाजत राहतो, आणि रुग्ण वाचला नसेल तर तो फोन उचलणं किती जड जातं, याचा विचार करा. आधी स्वतः नंबर लावा, गरज असेल तरच तारीख घालून पुढे पाठवा, गरज भागली की तसं ग्रुपवर कळवा. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्तपेढीत जाणाऱ्या माणसाचं मोल फार आहे. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी रक्त देता येतं.

क्यूआर दिसला की पैसे

पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं, ते वाचा. संस्थेसाठी म्हणून मागितलेले पैसे कुणाच्या खासगी खात्यात जात असतील तर थांबा. पावती मागा. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (८०जी) जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत.

व्हिडिओ फिरला म्हणजे काम झालं

२०१२ मध्ये मुलांना पळवून सैनिक बनवणाऱ्या युगांडातल्या जोसेफ कोनी या बंडखोर म्होरक्याविरुद्धचा व्हिडिओ आठवड्याभरात दहा कोटी वेळा पाहिला गेला. कोनी काही पकडला गेला नाही. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतण्याची लाट आली, तीही दिसायला खेळच. पण त्या बादलीसोबत देणगी कुठे द्यायची हेही सांगितलं जात होतं. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले आणि त्यातून संशोधन झालं. म्हणून पोस्ट टाकताना वाचणाऱ्याने आज नेमकं काय करायचं, ती एक ओळ लिहाच.

आपल्याकडे गोव्यातल्या मोलेच्या जंगलाचं उदाहरण आहे, तिथून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला लोकांचा विरोध होता. २०२० मध्ये चित्रं, व्हिडिओ खूप फिरले. त्याच वेळी लोक चांदरला रात्री रेल्वेरुळावर जमले, हरकती लिहिल्या गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात लढवलं गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

तुमच्या गावचा डोंगर कापला जात असेल तर फोटो जरूर टाका. पण सर्व्हे नंबर घालून हरकतही लिहा, मुदतीत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ग्रामसभेला जाताना तीच प्रत सोबत न्या.