मॅकवाल्याची हार्डडिस्क विंडोजवर उघडताना

लालबागच्या आमच्या मंडळाचं शूटिंग एडिट करणारा पोरगा मॅकवर काम करतो. विसर्जन झाल्यावर त्याने एक टीबीची हार्डडिस्क माझ्या हातात ठेवली आणि तो गावाला गेला. मी ती माझ्या विंडोज लॅपटॉपला लावली. दिवा लुकलुकला, आतून घरघर आली, पण 'धिस पीसी'त काहीच नाही. खजिनदार काका म्हणाले, "कोरी दिसतेय. फॉरमॅट मार."

मी त्यांचा हातच धरला. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून नव्याने तयार करणं. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, याची एक वही असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. काकांना म्हटलं, ही वही मोडी लिपीत आहे, आपल्याला बाळबोधच वाचता येतं. म्हणून ती कोरी ठरते का? कधी विंडोज स्वतःच 'फॉरमॅट करा' म्हणतं. तिथे कॅन्सल. 'इनिशियलाइज', म्हणजे डिस्क कोरी समजून नव्याने सुरू करायची का, असं विचारलं तरी कॅन्सल.

विंडोज आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क पूर्ण आकारासह दिसली तर निम्मी चिंता मिटली. फक्त बघा, राइट क्लिक नको. त्याच यादीत 'डिलीट व्हॉल्यूम' बसलेलं असतं.

मग ज्याची डिस्क त्याला फोन करा : फॉरमॅट, म्हणजे फाइल सिस्टिमचा प्रकार, कुठला? आमचा म्हणाला, 'मॅक ओएस एक्स्टेंडेड'. म्हणजे १९९८ पासूनचं एचएफएस प्लस. त्यासाठी एचएफएस एक्सप्लोरर हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. आधी जावा हे दुसरं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. मग एचएफएस एक्सप्लोरर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचं, फाइल मेनूतून 'लोड फाइल सिस्टिम फ्रॉम डिव्हाइस', मग हवा तो फोल्डर निवडून 'एक्स्ट्रॅक्ट'. ते फक्त वाचतं, डिस्कवर काही लिहीत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

उत्तर 'एपीएफएस' आलं, म्हणजे २०१७ नंतरचा प्रकार, तर हे सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. विकतची आहेत, पण एका कामासाठी पैसे घालवण्यापेक्षा कुणाचा तरी मॅक तासभर मागावा.

आणि हो, डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा. मी आधी काळ्याला लावली होती. सेकंदाला तीस एमबीच्या आसपास, म्हणजे चारशे जीबीला पावणेचार तास! काका तोवर दोनदा चहा पिऊन आले.

पुढच्या वर्षासाठी नवी डिस्क घेतली आणि रिकामी असतानाच एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट केली. ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचताही येते, लिहिताही येते. विंडोजचा नेहमीचा प्रकार एनटीएफएस, तो मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. फॅट ३२ या जुन्या प्रकारावर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आमच्या आरतीचाच व्हिडिओ अकरा जीबीचा. एक्सफॅटची खोड एकच : कॉपी चालू असताना वायर उपटली तर वही बिघडू शकते. म्हणून डिस्कवर मार्करने लिहून ठेवलंय, 'आधी इजेक्ट'. काकांसाठी, मोठ्या अक्षरात.