होई आनमध्ये सूट शिवून घेताना या चुका टाळा

व्हिएतनामला जाऊन आलेली ओळखीची मंडळी गेली काही वर्षे मला हमखास फोन करतात आणि दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत एक नवाकोरा कोट घेऊन दारात उभी राहतात. कोट खांद्याला ओढत असतो, मानेमागे कॉलर उचललेली असते, किंवा बटण लावल्यावर पोटावर आडव्या चुण्या पडतात. मी ठाण्यात बावीस वर्षे शिवणवर्ग चालवते, त्यामुळे आपला कपडा इथे दुरुस्त होईलच, असा त्यांचा विश्वास असतो. बहुतेक वेळा तो होत नाही. हे सांगताना मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष शिंप्याच्या हातात क्वचितच असतो. तो गिऱ्हाइकाच्या घाईत असतो.

होई आन हे व्हिएतनाममधले थू बोन नदीकाठचे जुने बंदर असून १९९९ पासून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश आहे. दा नांगच्या विमानतळापासून ते साधारण तीस किलोमीटरवर आहे. या लहानशा गावात शिवणकामाची काहीशे दुकाने आहेत. अंगाबरोबर बसणारा आओ झाय हा तिथल्या स्त्रियांचा पारंपरिक पोशाख असल्यामुळे नेमक्या मापाचे काम त्या कारागिरांच्या चांगले अंगवळणी पडलेले आहे. भाव आपल्याकडच्या चांगल्या शिंप्यापेक्षा फार वेगळे नसतात. आम्ही विचारले तेव्हा दोन नगांच्या सुटाला कापडाप्रमाणे दीडशे ते तीनशे डॉलर सांगितले गेले. तरीही तिथे शिवून घेण्यात अर्थ आहे, मात्र त्यासाठी हाताशी दिवस हवेत.

शेवटच्या दिवशी माप देणे

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. आमच्या घरातच ती घडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरातली नऊ माणसे होई आनला गेलो होतो. धाकट्या दिरांना मुलीच्या रिसेप्शनसाठी सूट शिवायचा होता. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना म्हटले, "भाऊजी, आधी माप देऊन येऊ, कंदील नंतर बघू." ते म्हणाले, "वहिनी, इथे चोवीस तासांत सूट मिळतो. उद्या जाऊ." दुसरा दिवस दा नांगजवळच्या बा ना टेकड्या बघण्यात गेला आणि रात्री आठ वाजता माप दिले गेले. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला पहिली आणि शेवटची ट्रायल झाली, आणि पहाटे पाचला विमानतळावर नेणारी गाडी हॉटेलच्या दारात उभी होती.

ती ट्रायल माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. दुकानात पिवळा दिवा होता. भाऊजींच्या अंगात टी-शर्ट आणि पायात सँडल होत्या. आरशासमोर त्यांना उभे करून दुकानातली मुलगी मागे उभी राहिली आणि तिने कोटाची पाठ बोटांच्या चिमटीत धरून हलकेच मागे ओढली. तेवढ्याने पुढची बाजू अगदी नितळ दिसू लागली आणि सगळ्यांनी वाहवा केली. मला ती चिमूट दिसली होती आणि मी ती सोडायलाही सांगितली, पण सोडल्यावर दिसलेला दोष दुरुस्त करायला तेव्हा कोणाकडेच वेळ उरला नव्हता.

घरी आल्यावर शर्ट घालून, बटण लावून पाहिले, तर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडत होत्या आणि डावा खांदा खाली उतरलेला दिसत होता. बहुतेक माणसांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असतो. चांगला शिंपी कच्च्या टाक्यांच्या, म्हणजे पक्की शिवण घालण्याआधीच्या, ट्रायलला ते हेरतो आणि त्या बाजूचे पॅड जाड करतो किंवा खांद्याची शिवण बदलतो. इथे कच्ची ट्रायल झालीच नव्हती, त्यामुळे दोन्हीकडे एकसारखे पॅड बसले होते. मी तो कोट दादरच्या एका जुन्या कारागिरांकडे नेला. त्यांनी अस्तर उसवून बाजूची शिवण उलगडली आणि टेप लावून मला दाखवली. आत जेमतेम पाऊण सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, होती. "ताई, यात सोडायला काही ठेवलेलंच नाही," एवढेच ते म्हणाले. रिसेप्शनला भाऊजींनी आपला जुना निळा सूट घातला.

चोवीस तासांत सूट मिळत नाही असे नाही, तो मिळतो. पण कोटाच्या छातीला आकार देणारा आतला कॅनव्हास जो हाताच्या टाक्यांनी बसवायचा असतो, त्याला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून त्याऐवजी गोंदाचे बक्रम (कडक अस्तर) इस्त्रीने चिकटवून काम भागवले जाते. घाईत नीट न चिकटलेले बक्रम पुढे ड्रायक्लीनिंगला गेले की सुटते आणि छातीवर फुगे दिसू लागतात. अशा सुटाची जाहिरात दुकानदार करतात हे खरे, पण ती चालते ती 'एवढ्या लवकर कशाला' असे विचारणारे गिऱ्हाईक कमी असल्यामुळे. शिवणाच्या वर्गातही मी हेच पाहते. पहिल्याच महिन्यात ब्लाऊज हवा असतो, आणि कच्चा टाका घालायला सांगितले की चेहरा पडतो.

माझी सवय अशी आहे की, गावात पोचल्याच्या संध्याकाळी सामान खोलीत टाकून आधी माप द्यायचे, दुसऱ्या दिवशी कच्च्या टाक्यांवर ट्रायल, तिसऱ्या दिवशी दुसरी ट्रायल, आणि चौथा दिवस मोकळा ठेवायचा. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल, तर सूट शिवूच नये, शर्ट शिवावा. ट्रायलला तोच शर्ट आणि तेच बूट असावेत, जे सुटाबरोबर घालायचे आहेत. बटण लावून खुर्चीवर बसा, दोन्ही हात वर करा, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, कापड अडते का पाहा, आणि दाराबाहेर दिवसाच्या उजेडात उभे राहून सोबतच्या माणसाला पाठीचा फोटो काढायला सांगा. मागे उभ्या असलेल्या माणसाला दोन पावले दूर व्हायला सांगायला मुळीच संकोचू नका. बाहीची काजे उघडी हवी असतील, तर बाहीची लांबी पक्की होईपर्यंत ती कापू देऊ नका, कारण एकदा कापल्यावर मनगटाकडून बाही लहान करता येत नाही. बाजूच्या शिवणीत आणि पँटच्या मागच्या शिवणीत किमान अडीच सेंटिमीटर माया ठेवायला सांगा. वय वाढेल तशी ती उपयोगी पडते.

दुकान दुसऱ्याला निवडू देणे

होई आनमध्ये हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस आणि बँकॉकमध्ये टुकटुकवाला, दोघेही 'आमच्या ओळखीचे चांगले दुकान' सुचवतात. त्यांचे कमिशन तुमच्याच बिलातून जाते. बँकॉकचा प्रकार तर जुना आहे. राजवाड्याजवळ कोणीतरी भेटून आज राजवाडा बंद असल्याचे सांगतो, अगदी थोड्या बाटमध्ये शहर दाखवायला टुकटुक देतो, आणि ती गाडी आधी रत्नांच्या आणि मग कपड्यांच्या दुकानासमोर थांबते. राजवाडा राजघराण्याचे समारंभ सोडले तर रोज सकाळी साडेआठला उघडतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. बँकॉकमधील सुखुमवित भागातले अनेक टेलर भारतीय वंशाचे आहेत आणि ते हिंदीत बोलतात. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की आपण सैल होतो आणि दोन सूट, चार शर्ट, दोन टाय असे पॅकेज घेऊन बाहेर पडतो. भाषा जुळली म्हणून शिवण तपासायची राहू नये. पॅकेज तर मी कधीच घेत नाही, कारण एकाच वेळी आठ नग शिवणाऱ्याला एकाही नगावर थांबता येत नाही.

दुकानात शिरल्यावर मी टांगलेला तयार कोट उलटा करून आतली बाजू पाहते आणि मग विचारते की, कापणारा कारागीर ट्रायलला येईल का. होई आनच्या बऱ्याच दुकानांत पुढे फक्त कापड दाखवले जाते आणि माप घेतले जाते. शिवण दुसरीकडच्या कारखान्यात होते आणि कपडा स्कूटरवरून ये-जा करतो. त्यात गैर काही नाही, पण जो खडूने खूण करतो आणि जो कात्री चालवतो, त्यांची गाठ पडली पाहिजे. नवे दुकान असेल तर मी आधी एक शर्ट शिवून घेते. कॉलरची दोन्ही टोके सारखी आली आणि खिशावर चौकडी जुळली, तरच पुढचे बोलणे.

कापडाचे नाव ऐकून कापड घेणे

'सुपर १५०' किंवा 'कश्मिरी लोकर' हे शब्द ऐकून माणसे भारावून जातात. सुपरचा आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो, टिकाऊपणा नाही: सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि सुपर १५० म्हणजे १६.२५ मायक्रॉनपर्यंत. आकडा वाढतो तसे कापड मऊ होते आणि लवकर झिजते. आपल्या हवेला आणि वर्षातून चार लग्नांना १०० ते ११० भरपूर झाले. शिवाय स्वस्त ताग्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. दुकानदाराला विचारून कडेचे चार धागे काढा आणि बाहेर जाऊन काडी लावा. लोकर संथ जळते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. मिश्र कापड वाईट नसते, फक्त त्याला लोकरीचा भाव देऊ नये. कापड ठरले की त्याचा लहान तुकडा पावतीला टाचून घ्या, म्हणजे तयार सूट त्याच कापडाचा आहे का, हे पडताळता येते.

काही लहान चुका

फोनमधला फोटो दाखवून 'असाच' म्हणू नका. फोटोतल्या माणसाचे खांदे तुमचे नसतात. अंगाला बसणारा आपला एक कपडा न्या आणि त्यात काय खटकते तेही सांगा.

पैसे अर्धेच आगाऊ द्या. उरलेले शेवटच्या ट्रायलनंतर.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थू बोनला पूर येतो आणि जुन्या गावातल्या रस्त्यांवर पाणी चढते. त्या दिवसांत दुकाने माल वरच्या मजल्यावर हलवण्यात गुंतलेली असतात. सूट शिवायचा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा.

'मागाहून पार्सलने पाठवतो' याला होकार देऊ नका. पार्सल आल्यावर ट्रायल कोण घेणार?

साडीवरचा ब्लाऊज तिथे शिवू नका. त्याचा कटोरी, टक्स आणि पाठीचा गळा आपल्या शिंप्याच्या हातातच बसलेला असतो.

निघताना उरलेले कापड आणि दोन जादा बटणे मागून घ्या. गेल्या मार्चमध्ये यजमानांचा कोट तीन ट्रायल करून शिवला, तेव्हा त्या दुकानातल्या बाईंनी वीतभर कापड नीट गुंडाळून आणि बटणे कागदात बांधून आपणहून दिली. ती पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे.