सायकल गाडीवर चढवण्याआधी

डोंगरातल्या सुट्टीची यादी करायला बसलं की हात आपोआप सायकलच्या सामानाकडे जातो: ट्यूब, पंप, पाने, हेल्मेट. ती यादी करायचीच आहे, पण माझ्या वहीत तिच्या आधी एक पान असतं आणि त्या पानावर सामान नसतं, तास असतात. आमच्या घरात चौघं. दोन मुलं, सायकलची फारशी ओढ नसलेला नवरा, आणि डोंगर दिसला की त्यावरून उतरणारी पायवाट शोधणारी मी. अशा घरात सुट्टीतली कुठली सकाळ कुणाची, हे निघण्याआधी बसून बोलून घ्यावं लागतं. तिथे पोचल्यावर, बूट घालता घालता विषय काढला की प्रत्येक फेरीसाठी परवानगी मागावी लागते आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसती वाट बघणं येतं.

पहिल्या वेळी मी हे बोलले नव्हते. अकरापर्यंत येते म्हणून गेले ती अडीचला परतले. गाडी मी ट्रेलच्या, म्हणजे सायकल चालवायच्या डोंगरवाटेच्या, तोंडाशी नेऊन लावली होती, आणि धाकट्याला तापाची कणकण आली तेव्हा औषधांची पिशवी त्याच गाडीत होती. कुणी मला रागावलं नाही, पण तेव्हापासून यादीतली पहिली ओळ बदलली ती कायमची: गाडी आणि औषधं घरच्यांजवळ राहतील, मी सायकलवरून जाईन.

ही एक ओळ पाळायची तर मुक्कामाची जागा त्या हिशेबाने निवडावी लागते. खिडकीतून दिसणारा देखावा दुसऱ्या नंबरवर. दारातून सायकलवर बसून ट्रेलपर्यंत पोचता येतं का, हे आधी बघा. मग विचारा: रात्री सायकल कुठे ठेवायची, ती जागा कुलूपबंद आहे का, चिखल धुवायला बाहेर नळ आहे का, ओले कपडे कुठे वाळतील. फोनवर पाच मिनिटांत उत्तरं मिळतात. जवळ डोंगरावर नेणारी लिफ्ट किंवा गोंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या खुर्च्या किंवा पाळणे, असतील तर फारच उत्तम. सगळे एकत्र वर जातात, घरचे वरच्या सपाटीवर फिरतात, मी ट्रेलने उतरून पुन्हा लिफ्टने वर येते आणि दुपारचा डबा एकत्र खाल्ला जातो. मात्र लिफ्ट कोणत्या तारखांना चालू असते, तिच्यावर सायकल चढवू देतात का आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे तीनही प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचे. थंडीत बर्फावरच्या खेळांसाठी चालणारी प्रत्येक लिफ्ट उन्हाळ्यात चालू असतेच असं नाही.

वेळ वाटून घेताना डोंगराचं हवामान आपल्या बाजूने असतं. उन्हाळ्यात सकाळी आभाळ मोकळं असतं, दिवस चढेल तशी तापलेली हवा उतारांवरून वर सरकते, ढग जमतात आणि दुपारनंतर विजांसह पाऊस पडण्याचा संभव वाढतो. म्हणून सकाळ सायकलची, दुपारपासून दिवस घराचा. मुलं उठून आवरेपर्यंत माझा अर्धा चढ झालेला असतो, आणि पायवाटेवर चालणारेही तेव्हा कमीच भेटतात. सलग दोन दिवस मी लांब फेरी ठेवत नाही. पाय थकतात हे एक, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांशी खेळताना आपण अर्धे झोपलेले असतो, हे जास्त मोठं कारण.

किती वेळ लागेल याचा अंदाज अंतरावरून बांधू नका, चढावरून बांधा. पंधरा किलोमीटर सपाटीवर काहीच नाही, पण त्यातच ८०० मीटर चढ असला तर अख्खी सकाळ जाते. मी स्वतःसाठी तासाला ४०० मीटर चढ धरते आणि आलेल्या उत्तरात पंक्चर, फोटो, चुकलेलं वळण यांच्यासाठी पाऊण तास घालते. घरच्यांच्या पायी भटकंतीसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब अजून उपयोगी पडतो: तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढासाठी वर एक तास. तो धडधाकट मोठ्या माणसांचा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर मी तो सरळ दुप्पट करते, कारण मुलं दगड उचलतात, ओढ्यात पाय घालतात, आणि त्यासाठीच तर आपण त्यांना तिथे नेलेलं असतं.

मुक्काम किती उंचीवर आहे हे नकाशात बघून ठेवा. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, आणि उत्तम व्यायाम असलेल्यांनाही तो चुकत नाही. पहिला दिवस मी सायकल खोक्यातून काढून जोडण्यापुरताच ठेवते. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वमान्य नियम आहे. मोठं माणूस डोकं दुखतंय असं सांगतं. लहान मूल किरकिर करतं, जेवत नाही, उलटी करतं, आणि आपल्याला वाटतं प्रवासाचा शीण असेल. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, आणि बरं वाटत नसेल तर खाली उतरायचं. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. त्यामुळे सनस्क्रीन, गॉगल आणि वारा अडवणारं जॅकेट एकाच पिशवीत जातात. चढताना घामाने भिजलेला सदरा उतारावरच्या वाऱ्यात बर्फासारखा लागतो, म्हणून सुका सदरा पाठीवरच्या पिशवीत सगळ्यात वर.

आता सायकल. ती किमान दोन आठवडे आधी बघायला घ्या, आदल्या रात्री नाही. दुकानातून एखादा भाग मागवावा लागला तर तेवढे दिवस जातात. सगळ्यात आधी ब्रेक. लांब उतारावर ब्रेक किती तापतात याची कल्पना सपाट रस्त्यावर येत नाही. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात एका डोंगररस्त्यावर हौशी मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून उताराच्या शर्यती लावत. त्यांच्या मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस एका उतारात जळून जाई आणि पुन्हा भरावं लागे. त्यावरूनच त्या शर्यतींचं नाव ‘रिपॅक’ पडलं. आजचे डिस्क ब्रेक खूप पुढे गेलेत, पण उष्णता तीच आहे. चाकाची चकती दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडवरचा घासणारा थर जेमतेम एक मिलिमीटर उरला असेल तर बदला, आणि एक जादा जोडी बरोबर घ्या. ओल्या चिखलात रेझिनचे पॅड लवकर झिजतात, धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात. नवे पॅड घातले की लगेच डोंगरावर जाऊ नका. मोकळ्या जागेत थोडा वेग घेऊन पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबून ते बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच उतारावर ते धरणार नाहीत. उतरल्यावर डिस्क चटका बसेल इतकी गरम असते हे मुलांना आधीच सांगून ठेवा. लकाकणारी गोल चकती त्यांना हात लावून बघायचीच असते.

टायरचे पकड देणारे उंचवटे झिजलेत का आणि बाजूच्या भिंतीला चीर आहे का ते बघा. टायर ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब नसलेला, असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, काही महिन्यांत सुकतं, नवीन भरा, आणि तरीही एक ट्यूब सोबत ठेवा. गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर हा छोटासा धातूचा तुकडा सायकल आडवी पडली की वाकतो किंवा तुटतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, त्यामुळे अनोळखी गावात तो मिळेल या भरवशावर राहू नका. तो पिशवीत आहे म्हणजे माझी निम्मी काळजी मिटलेली असते. त्याच्या शेजारी चेनची जोडकडी, चेन तोडायचं हत्यार, ॲलन की, पंप, पंक्चरचं साहित्य आणि प्लास्टिकचे चारदोन झिपटाय.

सायकल खोलून न्यायची असेल तर पेडल काढताना एक लक्षात असू द्या: डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लास्टिकची चकती किंवा घडी केलेला जाड पुठ्ठा सरकवा. चाक नसताना लिव्हर दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि सकाळचा एक तास ते उघडण्यात जातो. गाडीच्या टपावर सायकल बांधली असेल तर स्टिअरिंगजवळ गाडीची एकूण उंची कागदावर लिहून चिकटवा, कारण दमून मुक्कामी पोचताना बुटक्या कमानीखाली शिरायच्या क्षणी ती आठवत नाही. मागच्या रॅकने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना, हेही बघून घ्या. विमानाने जाणार असाल आणि सायकल बॅटरीवर चालणारी असेल, तर ती घरीच राहील. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि अशा सायकलींची बॅटरी त्याच्या कित्येक पट मोठी असते. तिथे भाड्याने घेणं हाच मार्ग, आणि भाड्याची सायकल उंचीच्या मापासह आधी राखून ठेवायची.

मुलंही सायकल चालवणार असतील तर यादी त्यांच्यापासून सुरू करा. पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठी सायकल घेऊन डोंगरात नेऊ नका. सीटपुढे उभं राहिल्यावर मुलाची दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. ब्रेकची लिव्हर बोटांपासून लांब असते ती बहुतेक सायकलींवर एका बारीक स्क्रूने हँडलजवळ आणता येते. हे दोन मिनिटांचं काम कितीतरी घरांत कुणी केलेलंच नसतं आणि मूल उताराला घाबरतं असं आपण म्हणत राहतो. त्याला ब्रेक नीट दाबताच येत नसतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी सैल पट्टी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते बदला. गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे मुलांना घालायला लावा, आणि तुम्हीही घाला, म्हणजे वाद होत नाही.

ट्रेल निवडताना तो किती अवघड हे सांगणाऱ्या पाट्यांच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हिरवा सोपा आणि काळा अवघड एवढं बहुतेक ठिकाणी खरं असतं, पण मधल्या रंगांचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. कित्येक ठिकाणी निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल असतो, उत्तर अमेरिकेत तो सहसा नसतो. म्हणून नव्या जागी पहिली फेरी आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा एक रंग खाली. मुलांबरोबरचा ट्रेल मी आधी एकटी फिरून येते. अवघड वाटलेल्या जागी उतरून चालायचं हे घरीच ठरवून ठेवा आणि पहिल्यांदा स्वतः उतरून दाखवा. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट द्यायची. घोडा दिसला की थांबून मऊ आवाजात बोलायचं, म्हणजे त्याला कळतं की हे माणूस आहे.

प्रवासविमा वाचा, आणि त्यात काय वगळलंय तो भाग आधी. काही विम्यांत माउंटन बाइकिंग धरलेलं नसतं, काहींत डोंगरावरून उचलून आणण्याचा खर्च नसतो. प्रथमोपचाराच्या पिशवीत जखम धुण्यापुरतं स्वच्छ पाणी, गॉज, चिकटपट्टी, लवचीक बँडेज, हात गळ्यात बांधायला त्रिकोणी फडकं, चिमटा आणि चमचमती पातळ आपत्कालीन चादर. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखं वाटलं, मळमळलं किंवा डोकं दुखलं तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. उलट्या सुरू झाल्या, झापड येऊ लागली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर एक मिनिट न थांबता दवाखाना गाठायचा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण दरीत रेंज नसते. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. आल्प्समधून सगळीकडे पसरलेली खूण मुलांनाही शिकवता येते: मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात.

आणि रोज सकाळी निघताना दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचा. त्यावर ट्रेलचं नाव, कुठून चढणार, कुठून उतरणार, तिथला आपत्कालीन नंबर, आणि दोन वेळा. पहिली, मी परत येण्याची. दुसरी तिच्यानंतर दीड तासाने, जिच्यापुढे नवऱ्याने माझ्या फोनची वाट न बघता मदत मागवायची. दुसरी वेळ ठरलेली असली की पहिली थोडी टळली तरी घरात कुणी दारात उभं राहत नाही. रेंज नसलेल्या भागात जाणार असले तर तेही मी कागदावर लिहिते, आणि वाट मध्येच बदलावीशी वाटली तर रेंजमध्ये असतानाच कळवते. तसं कळवता येत नसेल तर ठरलेल्या वाटेनेच उतरते.